बोललेलं ऐकू येईल इतक्या अंतरावर

पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणाच्या शिकारीचा एक हंगाम उघडतो आणि जानेवारीत बरेच दिवस चालतो. या हंगामात काडतुसाची बंदूक चालत नाही, दुर्बीणही चालत नाही. बंदूक हवी ठासणीची, आणि तीही चकमकीवर उडणारी. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी गजानं तळापर्यंत ठासायची, बाहेरच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालायची, घोडा चढवायचा आणि नळीवरच्या साध्या माशीनं नेम धरायचा. बार एकच. तो वाया गेला तर दुसरा भरेपर्यंत हरीण डोंगराच्या पलीकडे पोचलेलं असतं. राज्याच्या गेम कमिशननं असा हंगाम पहिल्यांदा ठेवला १९७४ साली. ठासणीच्या बंदुकीसाठी राखीव दिवस अमेरिकेतल्या इतर राज्यांतही आहेत, पण तिथे बहुधा आधुनिक बनावटीची बंदूकही चालते. चकमकीचा इतका आग्रह धरणारा हंगाम म्हणून पेनसिल्व्हेनियाचं नाव शिकाऱ्यांच्या तोंडी असतं.

हे पुस्तक त्या हंगामात उतरलेल्या दोघांनी लिहिलं आहे: कोकणातून इथे येऊन स्थायिक झालेला एक बाप आणि इथेच जन्मलेली त्याची मुलगी. शिकायला सुरुवात केली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गावच्या घरात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, पण बापानं ती लहानपणी खुंटीला टांगलेली तेवढी पाहिली होती. हात लावायची मुभा नव्हती. शिकारीचा हट्ट मुलीचा. तिच्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी नोव्हेंबर महिना हरणांचाच असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी रायफलीचा हंगाम उघडायचा म्हणून इथल्या कित्येक शाळा त्या दिवशी सुट्टी देत आल्या. २०१९ साली हंगामाचा पहिला दिवस शनिवारवर नेला, तेव्हा जुन्या मंडळींना घरातला सण हलवल्यासारखं वाटलं होतं. मैत्रिणी जातात तर मी का नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. चकमकीची बंदूक निवडली बापानं, आणि ती का, हे त्यानं दुसऱ्या प्रकरणात सांगितलं आहे.

मी या राज्याच्या शिकार-प्रशिक्षण वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला, मग तो बारा वर्षांचा असो की साठीचा, हा वर्ग पुरा करावाच लागतो. अकराव्या वर्षी वर्गाला बसता येतं, बाराव्या वर्षी परवाना मिळतो. पुष्कळ मुलं येतात ती आजोबा-पणजोबांपासून शिकार चालत आलेल्या घरांतून. त्यांचे वडील मागच्या भिंतीला टेकून उभे असतात, कारण त्यांना सगळं येत असतं. हे दोघं मात्र एका बाकावर बसले, एकाच वहीत दोघांनी टिपणं काढली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांना प्रश्न विचारले. माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते यामुळे. आपल्या मराठी घरांत मुलांना जे शिकवायचं ते एक तर आपल्याला येत असतं, नाही तर फी भरून आपण त्यांना क्लासला घालतो. आई किंवा बाप आणि वयात येणारं मूल दोघंही सारखेच अडाणी आहेत, आणि चुकलं तर खरोखर काही बिघडू शकतं, अशी गोष्ट आपण जवळजवळ कधीच एकत्र शिकत नाही. हे पुस्तक नेमकं त्याविषयी आहे. बंदूक आणि हरीण नसतं तर त्यातला अर्धा प्रामाणिकपणा आला नसता, असं माझं मत आहे.

हरणाबद्दल आधी बोलायला हवं, कारण मराठी वाचक पहिल्यांदा तिथेच अडखळेल. आपण वाढलो ते शिकार म्हणजे गुन्हा असं मानणाऱ्या देशात, आणि ते मानणं बरोबरच आहे. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ, सांबर, काळवीट यांची जंगलं आक्रसलेली आहेत आणि वाघ-बिबट्यांना तेच खाद्य हवं आहे. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाची गोष्ट वेगळी आहे. १९०० सालाच्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत ती अंदाजे पाच लाख उरली होती. बाजारासाठी केलेल्या बेबंद शिकारीनं आणि जंगलतोडीनं पेनसिल्व्हेनियातून तर ती दिसेनाशीच झाली होती. १८९५ साली गेम कमिशन स्थापन झालं, १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली आणि १९०७ साली फक्त नर मारावा असा कायदा झाला. लांडगा आणि प्यूमा त्याआधीच संपवले गेले होते. खाणारं कुणी नाही आणि माद्यांना संरक्षण, मग हरणं वाढतच गेली. आज देशात ती तीन कोटींच्या आसपास असतील असा अंदाज आहे. इथल्या जंगलात हरणाची मान पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत फांद्या खुडलेल्या दिसतात, ओकची रोपटी उगवतात आणि तिथल्या तिथे फस्त होतात. म्हाताऱ्या झाडांखाली नवी पिढी नाही, नुसते नेचे माजलेले. कुंपण घालून हरणांना बाहेर ठेवलेला जंगलाचा तुकडा आणि त्याच्या शेजारचा उघडा तुकडा मी वर्गातल्या मुलांना दाखवते. ते पाहिल्यावर फारसं बोलावं लागत नाही.

मादी मारायला हवी हे शिकाऱ्यांना पटवणंही सोपं गेलं नाही. १९९९ साली गॅरी आल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे राज्यातल्या हरणांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आली. गावोगाव सभा घेऊन, कळप लहान झाला तर जंगल आणि हरीण दोन्ही निरोगी राहतील, असं ते सांगत फिरले. त्यांना शिव्या आणि धमक्या मिळाल्या. आजही म्हातारे शिकारी त्यांचं नाव निघालं की दोन्ही बाजूंनी हमरीतुमरीवर येतात. शिकारीच्या पैशांबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं तो पैसा राज्यांना मुख्यतः वन्यजीवांसाठी मिळतो. एवढं सांगूनही, स्वतःच्या हातानं जीव घेणं हा प्रश्न उरतोच. आकडे पटले म्हणून तो मिटत नाही. या पुस्तकातल्या मुलीनं तो प्रश्न बापाला पुन्हा पुन्हा विचारला आहे आणि बापानं दर वेळी वेगळं उत्तर दिलं आहे. ती सगळी उत्तरं त्यांनी छापली आहेत, हे मला आवडलं.

आता बंदूक. या राज्यात ती परकी नाही. अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागीर लँकेस्टर परगण्यात येऊन वसले. त्यांच्या मुलखातली शिकारी बंदूक आखूड आणि जाड नळीची होती. इथल्या रानात दिवसेंदिवस फिरायचं तर दारू आणि शिसं पुरवून वापरायला हवं, म्हणून त्यांनी नळी लांब केली, भोक लहान केलं आणि दस्ता लाटांसारख्या रेषा असलेल्या मेपलच्या लाकडाचा घडवला. हीच पुढे केंटकी रायफल म्हणून गाजली, पण ती पेनसिल्व्हेनियाची लेक. डॅनियल बून हा सीमेवरचा प्रख्यात शिकारी जन्मला तोही इथेच, बर्क्स परगण्यात, १७३४ साली. मराठी वाचकाला काळ ओळखीचा वाटावा म्हणून सांगते: १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचं पायदळ चकमकीच्या बंदुका घेऊन उभं होतं. यंत्र तेच, पण त्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत. ओळीनं उभं राहून एकदम बार काढायचे, कुणाची गोळी कुणाला लागली याचा हिशेब नाही. लँकेस्टरच्या नळीत आत वळत जाणारे चर असतात. ते गोळीला फिरकी देतात आणि ती सरळ जाते. एकट्या माणसानं एकच गोळी जपून मारावी म्हणून घडवलेली ही बंदूक आहे.

हे सगळं नाहीसं झालं नाही याचं श्रेय छंदी माणसांना. ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९३३ साली उभी राहिली, इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावात तिचं ठाणं आहे. १९८५च्या सुमारास टोनी नाइट या मिसूरीतल्या कारागिरानं आधुनिक घाटाची ठासणीची रायफल काढली, तिची ठिणगी थेट दारूच्या पाठीमागे पडते. त्यानंतर बहुतेक शिकारी तिकडे वळले. ती उत्तम बंदूक आहे. पण शिकणाऱ्या जोडीला मी चकमकच सुचवते, कारण चकमकीच्या बंदुकीत चूक लपत नाही.

बार भरण्याचं पहिलं पाऊल ऐकण्याचं आहे. गज नळीत सोडायचा. नळी रिकामी असेल तर तळाशी पोलादावर पोलाद आपटून टण्ण असा स्वच्छ आवाज येतो. आत आधीचा बार असेल तर आवाज बसका येतो आणि गज चार बोटं वर राहतो. या मुलीनं गजावर दोन खुणा कोरल्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची, आणि बापाला प्रत्येक वेळी त्या मोठ्यानं वाचायला लावल्या. मग दारू. ती ज्या शिंगात साठवलेली असते त्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आधीच्या बाराचा निखारा आत धुगधुगत असला तर शिंगच हातात फुटेल. आधी मापात घ्यायची, शिंग बंद करून बाजूला ठेवायचं, मग माप नळीत रिकामं करायचं. पन्नास कॅलिबरच्या त्यांच्या बंदुकीला साधारण सत्तर-ऐंशी ग्रेन लागते, म्हणजे चार-पाच ग्रॅम. दारू काळीच हवी. आधुनिक धूरविरहित दारू या नळीत घातली तर नळी फाटते. त्यावर तेलकट केलेली सुती चकती, चकतीवर गोळी, आणि गजाचा लांब एकसंध दाब. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते.

यात एक चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून कधी तरी होते: बोलता बोलता दारू घालायची राहते आणि गोळी मात्र ठासली जाते. बापाकडून हे झालं तेव्हा तो मुलीला खांदे सैल ठेवण्याविषयी काही समजावत होता. सगळा क्रम नीट चालला आहे या खात्रीत त्यानं चाप ओढला, पेल्यात भपका झाला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून थांबायचं असतं, कारण बार उशिरानंही उडू शकतो. दोघं थांबले. मग मुलीनं गजाची खूण पाहिली आणि काय झालं ते ओळखलं. पेल्यातून नळीत जाणाऱ्या छिद्रातून, म्हणजे कानातून, थोडी थोडी रंजक आत सरकवून, गोळी पुन्हा गजानं बसवून, अशी अडकलेली गोळी उडवून टाकता येते. त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला की बार भरताना फक्त क्रम मोठ्यानं म्हणायचा, दुसरं काही बोलायचं नाही, आणि उपदेश तर मुळीच नाही. बापानं लिहिलं आहे की घरातही या नियमाचा थोडा उपयोग झाला.

सगळ्या पुस्तकात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते दचकण्याचं प्रकरण. चकमकीच्या बंदुकीत पेल्यातला जाळ डोळ्यापासून वीतभर अंतरावर उठतो. ठिणगी पडते, रंजक पेटते, जाळ कानातून आत जातो आणि मग बार होतो. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात घडतं, पण तेवढ्यात शरीर आपलं काम करून जातं: डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. ज्याचं शरीर असं करतं त्याला ते कळत नाही, कारण बाराचा धूर आणि धक्का सगळं झाकून टाकतो. म्हणून एक जुना सराव आहे. जोडीदारानं पाठ फिरवून पेल्यात रंजक घालायची किंवा घालायची नाही, झाकण लावायचं आणि बंदूक द्यायची. नेम धरणाऱ्याला काय आहे ते ठाऊक नसतं. रंजक नसेल तर नुसत्या ठिणग्या पडतात आणि नळीनं काय केलं ते उघडं पडतं.

नेमबाजीच्या मैदानात हे दोघं हा सराव करत होते तेव्हा मी शेजारच्याच मेजाशी होते. बापानं चाप ओढला, ठिणग्या उडाल्या, आणि नळीचं टोक ठळकपणे खाली गेलं.

“बाबा, नळी खाली गेली.”

“किती?”

“खूप. आणि तू डोळे मिटलेस.”

“नाही मिटले.”

“मिटलेस. मी तुझ्याकडेच बघत होते.”

त्यानं उत्तर दिलं नाही. बंदूक सुरक्षित दिशेला धरून तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “परत दे. आणि मला सांगू नकोस.” मुलीची नळी मात्र हलत नव्हती. ती पहिल्यापासूनच स्थिर होती. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या बापापेक्षा एखादी गोष्ट चांगली येते, आणि ती मोबाइलमधली नसून जबाबदारीची आहे, हे दोघांनी एकाच क्षणी पाहिलं. मग कित्येक संध्याकाळी घरी, रिकाम्या बंदुकीत चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून, तिनं त्याच्याकडून चाप ओढून घेतला. चाप ओढल्यानंतरही नजर माशीवर ठेवायची, धूर विरेपर्यंत. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकं धीराचं शिकवणं मोठ्या माणसांतही क्वचितच पाहिलं आहे. ती त्याला हसली नाही. त्यानंही चिडून बंदूक खाली ठेवली नाही.

उडालेल्या चकत्यांचंही एक छोटं प्रकरण आहे. गोळीबरोबर बाहेर पडलेली कापडाची चकती काही पावलांवर गवतात सापडते. मधोमध काळपट ठसा आणि कडा शाबूत असतील तर जुळणी नीट आहे. भोकं पडली असतील तर कापड पातळ आहे किंवा नळीच्या चरांची धार बोचते आहे. कडा जळल्या असतील तर गोळीभोवतून जाळ निसटतो आहे. मुलीनं त्या चकत्या एका डब्यात जमवल्या, प्रत्येकीवर तारीख आणि दारूचं माप लिहिलं. नवख्या वाचकानं या पानांवर जास्त वेळ घालवावा.

डिसेंबर संपतानाचं रान वेगळं असतं. माजाचा काळ नोव्हेंबरातच उरकलेला असतो, धनुष्याचा आणि रायफलीचा मुख्य हंगाम होऊन गेलेला असतो. जी हरणं उरली ती माणसाच्या वासाला आणि पावलाला पक्की सावध झालेली. ती हेमलॉकच्या दाट सावलीत किंवा रानलॉरेलच्या जाळीत कळपानं बसून राहतात. ओकची पानगळ झालेली असते, बर्फावर प्रत्येक पाऊल करकरतं. जानेवारी लागला की काही नरांची शिंगं गळू लागतात, त्यामुळे शिंगं नाहीत म्हणून मादीच, असंही म्हणता येत नाही. दमट हवेत रंजक ओल धरते, म्हणून चकमकीवर कातड्याचं आवरण घालायचं आणि दिवसातून अनेकदा पेला पुसून रंजक बदलायची. या बंदुकीचा खात्रीचा पल्ला पाऊणशे यार्डांच्या आतलाच समजावा. तिथवर हरणाला येऊ द्यायचं म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून, झाडाला पाठ लावून, पायांची बोटं बधिर होईपर्यंत बसायचं.

आणि हे एकट्यानं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या परवानाधारकाबरोबर प्रौढ माणूस असावाच लागतो, आणि ‘बरोबर’ म्हणजे काय हेही राज्याच्या नियमात स्पष्ट केलेलं आहे: तोंडी सूचना सहज समजतील इतक्या जवळ. हा नियम मी वर्गात नेहमी दोनदा वाचते. वयात येणाऱ्या मुलापासून किती अंतरावर उभं राहावं या आपल्या सगळ्यांच्या प्रश्नाला मला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर आहे. हात धरण्याइतकं जवळ नाही, हाक मारावी लागेल इतकं लांबही नाही. या दोघांनी ते अंतर रानात कसं सांभाळलं, कधी मुलीनं ‘बाबा, जरा सरक’ असं कुजबुजून सांगितलं आणि कधी त्यानं काहीच बोलायचं नाही असं ठरवलं, हे वाचताना मी ठिकठिकाणी थांबले.

हरीण कुठल्या प्रकरणात पडतं आणि कुणाच्या गोळीनं, ते मी सांगणार नाही. त्याआधी पेल्यात भपका होऊनही न उडालेला बार आहे, आणि मादीच्या मागे पाडस उभं दिसल्यामुळे न ओढलेला चापही आहे. बार लागल्यानंतरचं मात्र सांगते, कारण पुष्कळ लोक शिकार तिथे संपते असं धरून चालतात. गोळी फुप्फुसांना लागली तर बर्फावर गुलाबी, फेसाळ रक्त दिसतं. तरी धावत जायचं नाही. पुन्हा बार भरायचा आणि अर्धा तास थांबायचं, म्हणजे जखमी जनावर उठून लांब जात नाही. रक्त गडद आणि त्यात हिरवट घाण असेल तर पोटाला लागलं आहे, मग कित्येक तास थांबावं लागतं, आणि शोधल्याशिवाय घरी जाता येत नाही. माग काढताना बाप मागे राहिला आणि मुलगी पुढे गेली. जनावर हलवण्याआधी कानाला परवान्याची चिठ्ठी बांधावी लागते आणि दहा दिवसांत राज्याला कळवावं लागतं. मग बाह्या वर करून पोट साफ करायचं. ही चार पानं दोघांनी मिळून लिहिली आहेत आणि त्यांत एकही अलंकार नाही.

मांस त्यांनी घरी कापलं. हरणाच्या मांसात चरबी कमी असते आणि असलेल्या चरबीची चव चांगली नसते, म्हणून ती आणि वरचा पांढरा पापुद्रा काढून टाकायचा. जखमेभोवतीचा भाग पुरेसा सोडून कापायचा, शिसं पोटात जाता कामा नये. मग कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटप, त्रिफळं आणि कुकरच्या भरपूर शिट्ट्या. ज्यांना हरीण स्वतःसाठी नको असेल त्यांना ते १९९१पासून या राज्यात चालत आलेल्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या योजनेतल्या खाटकाकडे देऊन त्याचं मांस गरजूंच्या अन्नपेढीला पोचवता येतं. हरणांना मेंदूचा एक असाध्य रोग होतो, राज्यात तो २०१२ साली पहिल्यांदा आढळला. ज्या भागांत तो आहे तिथून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये असंच मी सांगते.

आता ज्यामुळे मी ही प्रस्तावना लिहायला पटकन ‘हो’ म्हटलं नाही, ते सांगते. अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण २०२०पासून बंदूक हे आहे. हा आकडा मी वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. ठासणीच्या बंदुकीला १९६८च्या संघराज्य कायद्यातून पुराणवस्तू म्हणून सूट आहे. ती टपालानं घरी येऊ शकते, विक्रेत्याला पार्श्वभूमीची तपासणी करावी लागत नाही. या सुटीमुळे काही घरांत ती शोभेच्या वस्तूसारखी भिंतीवर लागते. या राज्याच्या नियमात पेल्यातली रंजक काढली की बंदूक गाडीपुरती रिकामी धरतात, पण आत दारू आणि गोळी असतेच. या दोघांनी दिवस संपताना बार मातीच्या बांधात काढून टाकला, नळी गरम साबणाच्या पाण्यानं धुतली, आणि बंदूक कुलपात व दारू दुसऱ्या कुलपात ठेवली. किल्ली बापाकडे. ही शिस्त ज्या घरात जमणार नाही, किंवा ज्या घरातलं मूल मनानं कोसळलेलं आहे, त्या घरानं हे पुस्तक वाचावं आणि बंदूक आणू नये. याबाबत माझी तडजोड नाही.

भारतातल्या वाचकाला एक स्पष्ट सूचना: यातलं काहीही तिथल्या रानात करून पाहू नका. तिथे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहायला हवा. पुस्तक वाचण्यासाठी मात्र बंदूक लागत नाही. मूल मोठं होत असताना त्याच्याबरोबर नव्यानं काही शिकण्याची हिंमत ज्यांना हवी आहे त्यांनी दचकण्याचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.

पेनसिल्व्हेनियातल्या मराठी आई-बाबांना मात्र मी आग्रहानं सांगते. परवान्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. शिक्षक समोर शिकवतात त्या वर्गाला फी नाही. उन्हाळ्यातच नाव घाला, म्हणजे सरावाला सगळा शरद ऋतू मिळेल आणि नाताळपर्यंत हात बसेल. वर्गाच्या दिवशी मुलाला दारात सोडून गाडीत फोन बघत बसू नका. आत या, शेजारच्या खुर्चीवर बसा आणि तुमचाही अर्ज भरा.